धक्का-स्टार्ट

आमच्या घरात एअरकंडिशनर आला तो दाजींमुळे. दाजींनी तो आणला असे नव्हे; दाजी यायचे होते म्हणून तो आला. २०१८ साली ज्येष्ठ महिना अधिक होता. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे आणि तो परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्याला कशाची तोशीस पडू द्यायची नाही. वडील गेल्यापासून हे खाते माझ्याकडे आले आहे. विष्णूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती तारखांबद्दल. त्या वर्षीचा अधिक महिना १६ मे रोजी लागला आणि १३ जूनला संपला.

१६ मे रोजी माजलगावात काय असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. पारा बेचाळीसच्या वर जातो आणि तिथेच बैठक मारतो. नळाचे पाणी तसेच चहाला चालते. बँकेत पंखा लावला तर नोटा उडतात आणि बंद केला तर कॅशियर उडतो. सिंदफणेवर एवढे मोठे धरण बांधले, पण त्यावरून येणारा वारा आमच्या गल्लीपर्यंत कधी पोचलेला नाही. तो बहुधा केसापुरीलाच उतरून घेतो.

दाजी पुण्याला राहतात. “तुमच्या माजलगावात उन्हाळ्यात माणसं राहतात कशी?” हा प्रश्न ते लग्नापासून विचारत आले आहेत आणि आम्ही तो विनोद समजून हसत आलो आहोत. सौभाग्यवती म्हणाली, “अहो, सोनं नाही तर नाही, निदान गार झोप तरी द्या त्यांना.” योगायोगाने आमच्या शाखेतल्या साहेबांची बदली झाली होती. त्यांनी आपला दीड टनाचा जुना एअरकंडिशनर मला अकरा हजारांत दिला. बदलून जाणारे साहेब कारकुनाला काही देऊन जातात, ही बातमी शाखेला आठ दिवस पुरली.

मी बी. कॉम. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच संपला. पण हे यंत्र मला चटकन समजले, कारण ते मुळात जमाखर्चाचे आहे. एअरकंडिशनर गारवा ‘तयार’ करत नाही. विहिरीवरचा पंप जसा पाणी उपसतो तसा तो खोलीतली उष्णता उपसतो आणि बाहेर नेऊन टाकतो. थंडीच्या देशांत हाच व्यवहार उलटा करतात. बाहेरच्या गारठ्यात जी काय उरलीसुरली उष्णता असेल ती गोळा करून घरात आणतात आणि त्या यंत्राला सरळ हीट पंप म्हणतात. म्हणजे एका खात्याला नावे, दुसऱ्या खात्यात जमा. रक्कम इथून गेली तर ती कुठेतरी जमा झालीच पाहिजे. कोणाच्या खात्यात, हे मात्र मी त्या वेळी विचारले नाही. पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर हाच प्रश्न विचारणारा माणूस स्वतःच्या घरात तो विसरला.

दाजी आले. अनारसे झाले, पुरुषोत्तमपुरीचे दर्शन झाले आणि रात्री दाजी गार खोलीत गेले. रिमोट त्यांनी शंखचक्रासारखा हातात धरला होता. त्यांनी बटण दाबले. बाहेर भिंतीवर टांगलेल्या यंत्रातून “हूंऽऽऽ” असा कण्हल्यासारखा आवाज आला, मग “टक्” झाले आणि सगळे शांत. पाच मिनिटांनी पुन्हा हूंऽऽऽ, टक्. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावे तसे आम्ही रात्रभर बाहेर बसून होतो. बाळ काही होईना.

पहिला मेकॅनिक सकाळी आला. त्याने यंत्राला कान लावला आणि मयताच्या घरी बोलावे तशा आवाजात म्हणाला, “साहेब, कॉम्प्रेसर बसला. आठ हजार. शिवाय कंडेन्सर.” कंडेन्सर म्हणजे काय, हे मी विचारले. कारण आमच्याकडे पंख्यातल्या चाळीस-पन्नास रुपयांच्या डबीलाही कंडेन्सर म्हणतात आणि बाहेरच्या यंत्रातल्या भल्यामोठ्या जाळीलाही कंडेन्सरच म्हणतात. डबीचे खरे नाव कपॅसिटर. पण खरे नाव सांगितले तर जाळीची किंमत लावता येत नाही.

दुसरा मेकॅनिक पोरसवदा होता, बीडला आयटीआय केलेला. त्याने यंत्राला हातच लावला नाही. खोलीतल्या बोर्डात मीटरच्या दोन कांड्या घातल्या आणि म्हणाला, “एकशे अडुसष्ट.”

“ब्लडप्रेशर?” मी घाबरून विचारले.

“व्होल्टेज, साहेब. दोनशे तीस पाहिजे. मशीनला काय झालं नाही. ते उपाशी हाय.”

मग त्याने जे सांगितले ते मी कागदावर मांडून पाहिले आणि चक्रवाढ व्याजाबद्दलचा माझा आदर दुणावला. व्होल्टेज जितक्या पटीने कमी होते तितक्याच पटीने मोटरचा जोर कमी होतो, असे आपण धरून चालतो. तसे नाही. जोर वर्गाच्या हिशेबाने कमी होतो. २३० चे १६८ झाले म्हणजे व्होल्टेज २७ टक्के घटले. पण मोटर फिरवायचा जोर ४७ टक्के, जवळजवळ निम्मा गेला. आणि थांबलेला कॉम्प्रेसर फिरवायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो. चालू असताना जो आठ अँपिअर खातो, तो उठताना त्याच्या पाच-सहा पट मागतो. उठलाच नाही तर तेवढे मागतच राहतो, तापतो, आणि आतला रक्षक “टक्” करून त्याचा पुरवठा तोडतो. त्यात विष्णू दर मिनिटाला रिमोट दाबत होते. बंद केल्यावर आतल्या वायूचा दाब उतरायला तीनेक मिनिटे लागतात. तेवढी उसंत न देता पुन्हा उठवणे म्हणजे डोक्यावर पोते असलेल्या हमालाला उठाबशा काढायला सांगणे.

“उपाय?” मी विचारले.

“धक्का-स्टार्ट,” तो म्हणाला.

धक्का-स्टार्ट म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. काळी-पिवळी जीप सुरू होत नाही, चार उतारू उतरतात, ढकलतात, इंजिन फुर्रर्र करते, उतारू पळत येऊन बसतात. त्याने बसवलेली डबी नेमकी हीच होती. एक मोठा स्टार्ट कपॅसिटर आणि त्याच्यासोबत एक रिले. कॉम्प्रेसर उठताना हा कपॅसिटर मोटरच्या सुरुवातीच्या वेटोळ्याला जादा रेटा देतो. मोटरने वेग घेतला की रिले त्याला बाजूला काढतो. सगळा कारभार सेकंदाच्या आत. त्यात महत्त्वाचा भाग ढकलण्याचा नसून हात वेळेवर काढण्याचा आहे. रिले चुकीचा निघाला आणि डबी मध्येच अडकून राहिली तर ती तरी जळते नाही तर मोटर तरी. जीप सुरू झाल्यावरही मागची पट्टी न सोडणाऱ्या उतारूचे काय होते, हे आपण पाहिलेले आहे.

डबी बसवण्यापूर्वी पोराने मेन स्विच बंद केला, आणि बंद केल्यावरही जुन्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज आधी काढून टाकली. बंद खात्यातही शिल्लक असू शकते, हे बँकेतल्या माणसाला नव्याने सांगायला नको. पण ही शिल्लक हात लावणाऱ्याच्या अंगावर जमा होते. म्हणून घरी स्क्रूड्रायव्हर असलेल्या सर्व गृहस्थांना हात जोडून विनंती, की ह्या कामाला माणूस बोलवा.

नऊशे रुपये झाले. बटण दाबले. हूं… खट्, आणि यंत्र फिरू लागले. दाजी प्रसन्न झाले. जाताना पोरगा एवढेच म्हणाला, “साहेब, डबी धक्का देती, पेट्रोल देत नाही. एवढ्या व्होल्टेजवर मशीन चालत ठेवलं तर करंट जास्त ओढंल आन् आतून भाजंल. स्टॅबिलायझर लावा.” मी दुसऱ्याच दिवशी स्टॅबिलायझर आणला. काटा २३० वर जाऊन उभा राहिला. आता जगाशी माझे काही भांडण उरले नव्हते.

त्या रात्री एकच्या सुमारास, नऊशे रुपयांचे काम ऐकायला म्हणून मी बाहेर आलो. गल्ली सहा फुटांची. समोर पत्र्याच्या खोलीत मावशी राहतात. मुलगा-सून ऊसतोडीहून परतलेले, सोबत चार महिन्यांचे नातवंड. दार सताड उघडे, दारात खाटेवर पोर निजवलेले आणि उशाशी टेबलफॅन. मावशी पदराने वारा घालत बसल्या होत्या.

“झोपला नाहीत, मावशी?”

“झोपते की. तुमचं मशीन बंद झालं की झोपते.”

“आवाज होतो का?”

“आवाजाचं काय नाही, भाऊ. पंखा सांगतो ना. तुमचं मशीन चालू झालं की ह्यो बसतो.”

तेवढ्यात माझा कॉम्प्रेसर उठला. मावशींचा दिवा पिवळा पडला. पंख्याची पाती दिसू लागली. एक, दोन, तीन मोजता येतील इतकी सावकाश. आणि माझ्या यंत्राचा बाहेरचा पंखा, दाजींच्या खोलीतली सगळी उष्णता, थेट त्या खाटेवर ओतत होता.

ज्या खात्यात जमा झाली ते खाते मला सापडले.

आता इथून पुढे मी भांडणार आहे. ज्यांना फक्त हसायचे असेल त्यांनी अनारशांपर्यंतच वाचावे.

डबीवर माझा राग नाही. डबी प्रामाणिक आहे. उठता न येणारा कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी गल्लीची वीज ओढून पुन्हा पडतो, त्यापेक्षा एका झटक्यात उठणारा परवडला. माझे भांडण आहे ते डबी लावून झोपण्याशी. आणि स्टॅबिलायझरला आपण जो देव मानतो त्याच्याशी. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. तारेतून १६८ येत असेल आणि आत २३० पाहिजे असेल, तर तो बाहेरून जास्त करंट ओढतो. आठच्या जागी अकरा अँपिअर. तारेवर ओढ वाढली की व्होल्टेज आणखी पडते. मग शेजारी स्टॅबिलायझर घेतो. मग त्याचा शेजारी. ज्याच्याकडे स्टॅबिलायझरला पैसे नाहीत, त्याच्या पंख्याची पाती मोजता येऊ लागतात. संयुक्त खाते असावे, प्रत्येकाने आपापले चेकबुक छापून घ्यावे आणि पासबुक तेवढे मावशींच्या हाती द्यावे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी युक्ती फेजची. गल्लीच्या डीपीतून तीन फेज निघतात. एखादीवर व्होल्टेज बरे असले की आपण वायरमनला चहा पाजतो आणि “तेवढी आमची लाइन त्या फेजवर मारा” म्हणतो. आठ दिवसांत सगळी गल्ली त्या चांगल्या फेजवर येते आणि ती वाईट होते. मग आपण जुन्या फेजची चौकशी करतो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थाने एका उन्हाळ्यात तिन्ही फेजची प्रदक्षिणा पूर्ण केली.

हे सगळे मी ज्यांच्याशी बोललो त्यांनी एकच उत्तर दिले: “अर्ज करून काय होतं?” आमच्या गावाच्या वेशीवर खरे तर हीच पाटी लावली पाहिजे. पाणी कमी आले, बोअर पाड. अर्ज करून काय होतं? वीज गेली, इन्व्हर्टर घे. अर्ज करून काय होतं? ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. उकाडा आज रात्री होतो आणि अर्जाचे उत्तर पुढच्या उन्हाळ्यात येते. तोवर चार महिन्यांच्या पोराला काय आवक क्रमांक दाखवायचा? पण मग निदान एवढे तरी कबूल करा, की आपण प्रत्येकजण घराघरात जे विकत घेतो आहोत, ते आपल्या सगळ्यांना आधीच देणे आहे. घरगुती जोडणीला २३० व्होल्ट, आणि त्यात फार तर सहा टक्क्यांचा फरक, हा दंडक १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आला आहे आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या नियमांतही आहे. म्हणजे २१६ च्या खाली जाता कामा नये. मावशींच्या पंख्याला हा नियम कोणी सांगितलेला नाही.

मी अर्ज लिहिला. कौंटरच्या आत बसणारा माणूस कौंटरच्या बाहेर उभा राहिला की त्याचा आवेश बघण्यासारखा असतो. विजेच्या कचेरीत मी २१६ चा आकडा टेबलावर आपटला. तिथल्या बाबूंनी शांतपणे विचारले, “मीटर कोणाच्या नावावर?”

मीटर वडिलांच्या नावावर. वडील जाऊन नऊ वर्षे झालेली.

“मंजूर भार किती?”

बाबूंनीच कागद काढला. अर्धा किलोवॅट. दोन पंखे, चार दिवे, एक रेडिओ. रेडिओसुद्धा आता नाही. आणि माझा एकटा एअरकंडिशनर दीड किलोवॅटच्या वर.

“तुमच्या गल्लीतले सगळे कागद असेच आहेत,” बाबू म्हणाले. “कागदावर तुम्ही लोक रेडिओ ऐकताय. तेवढ्याला ती डीपी पुरते.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, “मागच्या महिन्यात केवायसीसाठी मला तीनदा परत पाठवलं ते तुम्हीच ना?”

मीच. माणूस जिवंत आहे, पत्ता तोच आहे, उत्पन्न किती आहे, हे दरसाल लेखी विचारणारा मी. आणि माझ्याच घरचा विजेचा ग्राहक नऊ वर्षांपूर्वी स्वर्गवासी झालेला, रेडिओ ऐकत बसलेला. वीजवाल्यांनी गल्लीची तार जाड करावी हे खरे. पण आमच्या भुकेचा खरा आकडा आम्ही त्यांना कधी सांगितलाच नव्हता. भार लिहून दिला तर बिल वाढेल, ही भीती. अहो, बिल चढते ते मुख्यतः मीटर फिरेल तसे, आणि मीटर तर आधीपासूनच फिरत होते. लपवून आपण वाचवले काय? डीपी लहान ठेवली, एवढेच.

मी मीटर माझ्या नावावर केले, भार वाढवून मागितला आणि वही घेऊन घरोघर फिरलो. लोकांनी सोने लपवावे तसे गिझर लपवले. तरीही बेरीज कागदावरच्या आकड्याच्या तिपटीपुढे गेली. ती बेरीज, गल्लीच्या सह्या आणि मावशींचा अंगठा असा अर्ज दिला. तोवर एक काम बिनअर्जाचे होते, ते त्याच संध्याकाळी केले: मेकॅनिक पोराला बोलावून बाहेरचे यंत्र मावशींच्या दारासमोरून काढून गच्चीवर, आभाळाकडे तोंड करून बसवले. दाजी असेपर्यंत मोठा स्टॅबिलायझर रात्री अकरापर्यंतच, असा कायदा केला. विष्णूंनी दोन रात्री गच्चीवर झोपून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला महत्त्वाचे काम निघाले.

अर्जाने काय झाले, तेही सांगतो. आधी वायरमनने येऊन घरे तिन्ही फेजवर सारखी वाटली. एका दिवसाचे काम. चहासुद्धा आमच्या आग्रहामुळे घेतला. दोन स्मरणपत्रे आणि एक उन्हाळा गेल्यावर, २०१९ च्या दिवाळीआधी, मोठी डीपी बसली. त्या रात्री मी बोर्डात मीटर घातला. २११. नियमाला पाच कमी. त्या पाचांचा अर्ज वेगळा केला आहे. कॉम्प्रेसरवरची डबी अजून आहे. पोरगा म्हणतो, आता काढली तरी चालेल. सौभाग्यवती म्हणते, राहू द्या, नऊशेची आहे.

२०२३ साली पुन्हा अधिक महिना आला, ह्या खेपेला श्रावण. दाजी येणार म्हणून मी डब्यातले अनारसे मोजत होतो, तोच दारात मावशी उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीत पैसे होते.

“भाऊ, पोराच्या बापानं कूलर घ्यायचा म्हणलाय. आधी लिहून द्यावं लागतं ना तिकडं, काय काय चालवणार ते?”

अख्ख्या गल्लीत, यंत्र आणण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारे ते पहिले घर होते. मला गहिवरून आले. मी अनारसे बाजूला ठेवले, अर्जाचा कोरा कागद काढला, पेनाचे टोपण उघडले आणि सवयीने म्हणालो,

“मावशी, आधारची झेरॉक्स आणलीत?”